नायजेरिया की घाना? कुठल्या टीमच्या मागे लागायचं

मामेभावाला बायकांचं फुटबॉल बघायला लागायचंय, पश्चिम आफ्रिकेतलीच टीम हवी म्हणतो, पण सुपर फाल्कन्स (नायजेरिया) की ब्लॅक क्वीन्स (घाना) यात अडकलाय.

ट्रॉफ्या बघशील तर विषयच संपला. नायजेरियाकडे आफ्रिकन कपची 10 टायटल्स, घानाकडे एकही नाही, 1998, 2002, 2006 तिन्ही फायनल हरले आणि तिन्ही वेळा समोर नायजेरियाच, काय नशीब!

वर्ल्डकप म्हणशील तर नायजेरिया 1991 पासून 2023 पर्यंत प्रत्येक वेळी होती, घाना फक्त 1999, 2003 आणि 2007 ला.

थरार मात्र दोन्हीकडे. 2025 ला रबातमध्ये झालेल्या आफ्रिकन कपच्या फायनलला नायजेरिया 0-2 मागे होती, समोर यजमान मोरोक्को, तिथून 88 व्या मिनिटाला एचेगिनीने तिसरा मारून 3-2 केलं. त्याच स्पर्धेत घानाने साऊथ आफ्रिकेला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. आणि नायजेरियाची गोलकीपर न्नाडोझी, जिने 2023 च्या वर्ल्डकपला कॅनडाच्या सिंक्लेअरची पेनल्टी अडवली, निव्वळ तिच्यासाठी मॅच लावावी.

वर्ल्डकपला हमखास दिसणारी, जिंकायची सवय असलेली टीम हवी असेल तर नायजेरिया घे. पडत-धडपडत वर येणाऱ्यांवर जीव जडत असेल तर घाना, फक्त बीपीची गोळी जवळ ठेव.