गाडीच्या तळाला आतून डॅम्पिंग कोट दिला, त्याला आठ महिने झाले

आईला कानाचं यंत्र लागून तीन वर्षं झाली. घरात तिला नीट ऐकू येतं. पण गाडी परशुराम घाट चढून लोट्याकडच्या काँक्रीटच्या सरळ रस्त्याला लागली की ती यंत्र काढून पर्समध्ये ठेवायची. "नुसतं घुंऽऽ घुंऽऽ येतं रे कानात, डोकं उठतं," म्हणायची. चिपळूणहून पनवेलला ताईकडे जाताना चार-साडेचार तास आम्ही शेजारीशेजारी बसायचो आणि बोलणं मात्र बंद. एवढ्या एका कारणासाठी मी तळाच्या पत्र्याची थरथर जिरवणारा डॅम्पिंग कोट द्यायचं हे काम जानेवारीत काढलं. आता गणपती होऊन गेले. उन्हाळा आणि कोकणातला अख्खा पावसाळा गाडीने त्या कोटावर काढला, म्हणून आता लिहितो.

गाडी लहान हॅचबॅक, आठ वर्षं जुनी. या वर्गातल्या गाड्यांच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. काँक्रीटवरच्या आडव्या खाचा आणि सांधे टायरला जे धक्के देतात ते सस्पेन्शनमधून बॉडीत शिरतात आणि तळाचा पत्रा ताशाच्या कातड्यासारखा थरथरतो. तो खर्जातला घुमारा तिथून येतो. पत्र्याला चिकट, जड थर दिला की थरथर त्या थरात जिरते आणि तिची किंचित उष्णता होते. हवेतून येणारा आवाज मात्र असा थर फारसा अडवत नाही. त्याला वेगळा उपाय लागतो. हा फरक आधी समजून घेतला नाही तर पैसे खर्चून निराशा पदरी पडेल.

पहिल्यांदा मी एका गॅरेजमध्ये विचारायला गेलो होतो. त्यांनी गाडीखाली मारतात तेच काळं अंडरबॉडी कोटिंग आतून मारून द्यायची तयारी दाखवली. कृपा करून कुणी हे करू देऊ नका. ते बहुधा सॉल्व्हंटवालं, म्हणजे उडून जाणाऱ्या रसायनात कालवलेलं असतं. बंद केबिनमध्ये त्याचा वास महिनोन्महिने राहतो, आणि आपण काचा लावून एसीत तीच हवा ओढत बसतो. आतून द्यायचा तो पाण्यावरचा, ब्रशने लावायचा डॅम्पिंग कोट. तो मागवला आणि सगळं घरी अंगणात केलं. सोबत दोन मिलिमीटरची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची शीट. डांबराची स्वस्त शीट मिळते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात ती मऊ पडते आणि वास सोडते.

किती कोट लागेल याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे एक लिटर. कोट द्यायचा माझा तळ साधारण अडीच चौरस मीटर भरला. दोन मिलिमीटर ओल्या थराला पाच लिटर लागला. पाणी उडून गेल्यावर थर आणखी बसतो, म्हणून हात आखडता घेऊन चालत नाही.

सीट काढताना एक गोष्ट जिवाशी आहे. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबलो, मगच ते सोडवले. सगळं परत जोडेपर्यंत चावी फिरवली नाही. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट परत बसवताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) वापरला, अंदाजाने आवळले नाहीत. जमत नसेल तर एवढं काम मेकॅनिककडून करून घ्यावं.

कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली फेल्ट दमट होतं आणि त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा गंज. तो घासून काढला, रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला, एक दिवस वाळू दिला. गंजावर तसाच कोट फासला असता तर आतल्या आत पत्रा खाल्ला गेला असता आणि कळलंही नसतं. मग व्हॅक्यूम, साबणाचं फडकं, शेवटी तेलकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळण्याचा वेळ सोडून दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस या सफाईत गेला.

त्यानंतर बोटाच्या पेरांनी तळ ठोकत गेलो. काही ठिकाणी "टण्ण" वाजतं, म्हणजे तिथे पत्रा मोकळा आहे. जिथे वळ्या दाबलेल्या आहेत तिथे तो मुळातच ताठ असतो. टण्ण वाजेल तिथे मार्करने गोल केले. त्या सपाट भागांवर ब्यूटाइल शीट, रोलरने दाबून, वरच्या पत्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. हातमोजे हवेतच, त्या पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते. बाकी सगळीकडे ब्रशने कोट, पहिला हात रात्रभर वाळवून दुसरा. तळातली पाणी काढून द्यायची रबरी बुचं आणि बोल्टची भोकं आधी टेपने झाकून मोकळी ठेवली. २०२१च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्या गल्लीत गाड्यांची कार्पेटं कुंपणांवर वाळत घातलेली पाहिली आहेत. तळाचं बूच कोटाखाली पुरून टाकायची माझी हिंमत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच जागा ठोकली तर "ठप". लाकडी पाटावर टकटक केल्यासारखं.

आता फरकाविषयी. लोट्याच्या त्याच काँक्रीटच्या पट्ट्यावर, पहाटे, ताशी ८० ला, टायरात ३३ हवा, पंखा एकवर, असं आधी आणि नंतर फोनच्या अ‍ॅपवर मोजलं. साधारण तीन डेसिबल कमी. आकडा छोटा दिसतो, आणि फोनच्या माइकवर फार विसंबूही नये. शिवाय ही अ‍ॅप साधारणपणे कानाच्या पद्धतीने मोजतात, म्हणजे खर्जाला कमी भाव देतात, आणि आपला फरक तर खर्जातच पडलेला असतो. तळपायाला जी झिणझिण यायची ती जवळजवळ गेली. सांध्यावरचा "धाड धाड" आता "धप धप" झाला. वाळू-खडी उडून तळाला लागते तेव्हाचा तडतडाट सर्वांत जास्त कमी झालाय. डांबरी रस्त्यावर मात्र फरक शोधावा लागतो, कारण तिथे मुळात एवढा आवाजच नव्हता.

जे गेलं नाही तेही सांगतो. टायरचा सळसळाट मागच्या चाकांच्या कमानींतून तसाच येतो. उलट तळ शांत झाल्यामुळे तो आता जास्त कळतो. नव्वदच्या पुढे दारांच्या रबरातून वारा वाजतो. डॅशबोर्डमधली एक बारीक करकर आधी ऐकूच येत नव्हती, ती आता येते. वजन दहाएक किलोने वाढलं असावं, मायलेजमध्ये मला काही जाणवलं नाही. कोट, शीट, रोलर, ब्रश सगळं मिळून साडेनऊ हजार गेले.

मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवून मुद्दाम दार उघडून वास घेतला. पहिल्या आठवड्यात ओल्या रंगासारखा होता, मेमध्ये काहीच नाही. खरी परीक्षा जुलैत झाली. डावीकडचं कार्पेट ओलं लागलं. मला वाटलं कोट फुटला, पण एसीच्या पाण्याची नळी चिखलाने तुंबली होती आणि पाणी आत उतरत होतं. किती दिवस ते साठलं होतं कोण जाणे. कार्पेट उचलून अंगठ्याने दाबलं तर तळहाताएवढ्या जागेत कोट पांढुरका आणि मऊ झाला होता, आणि सांध्याजवळ एक फोड. दाबल्यावर त्यातून दुधासारखं पाणी आलं. सांध्यावरचं कारखान्यातलं मेण मी नीट पुसलं नव्हतं, फोड नेमका तिथेच. शेजारची ब्यूटाइल शीट जशीच्या तशी होती. नळी हवेने साफ करून घेतली, पंखा लावून तीन दिवस वाळवलं. कोट पुन्हा घट्ट झाला, फोड तेवढा कापून तिथे शीट लावली. आज पुन्हा करायचं झालं तर दोन्ही पुढच्या पायांच्या जागी शीटच लावेन आणि कोट फक्त वाकड्यातिकड्या कोपऱ्यांत ठेवेन. दमट हवेत हे काम काढूही नका, पाण्यावरचा कोट वाळायला डिसेंबर-जानेवारीच बरा.

गणपतीनंतर आईला घेऊन पनवेलला गेलो. लोटे गेलं, खेड गेलं, कशेडीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा आवाज चांगलाच वाढला आणि तिचा हात कानाकडे गेला. यंत्राचा आवाज तिने थोडा कमी केला, पण काढलं नाही. बोगदा संपल्यावर ताईच्या बाळंतपणातली जी गोष्ट अर्धी राहिली होती ती तिने पुढे सुरू केली.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मागच्या चाकांच्या कमानी घेणार आहे, शीट आणि वर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम. त्यासाठी मागची सीट आणि बाजूची पॅनेलं उतरवावी लागतील. जुन्या क्लिपा काढताना तुटतात, म्हणून दहा-बारा जास्तीच्या आताच आणून ठेवल्यात.