सिरिल: आडव्या पट्ट्या पुसते, तिरक्या रेघा पुरत्या पुसत नाही

डिसेंबरात अमावास्येच्या सुमारास बदलापूरजवळच्या वांगणीहून मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची, म्हणजे एम ४२ ची, प्रत्येकी ६० सेकंदांची ९० छायाचित्रे घेतली. ती ‘सिरिल’ या खगोलछायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करून, म्हणजे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढून, ऑटोस्ट्रेच (अंधुक तपशील उजळून दाखवणारी सोय) लावले, तेव्हा तेजोमेघामागच्या काळ्या आकाशात आषाढसरींसारख्या तिरक्या, लाल-हिरव्या रेघा उमटलेल्या दिसल्या. दीड तासाच्या मेहनतीवर पाणी फिरले की काय, या धास्तीने सिरिलमधील दुरुस्तीची साधने एकेक करून तपासली.

सिरिल मोफत व मुक्त स्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. लाइट्स (आकाशाची मूळ छायाचित्रे), डार्क्स (लेन्स झाकून तेवढ्याच वेळाची), फ्लॅट्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची), बायसेस (लेन्स झाकून अतिशय कमी वेळाची) अशा चार फोल्डरांत फायली ठेवून तयार स्क्रिप्ट चालवली, की पहिला स्टॅक हाती येतो.

बदलापूरच्या बाजूच्या उजेडाने पिवळसर झालेला कोपरा ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ने सहज निवळला, मात्र तेजोमेघावर पडलेले नमुनाबिंदू हाताने काढावे लागतात, नाहीतर त्याचीच फिकट किनार पार्श्वभूमी समजून वजा होते. सेन्सरमुळे चित्रात उमटणाऱ्या आडव्या पट्ट्यांसाठी असलेले ‘बँडिंग रिडक्शन’ मी आधी तयार स्टॅकवर वापरले आणि फसलो. चूक माझीच होती. तारे जुळवताना प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक छायाचित्र, थोडी फिरते आणि सरळ पट्टी तिरपी होते, म्हणून हे साधन जुळवणीपूर्वी संपूर्ण सीक्वेन्सवर, म्हणजे सगळ्या सुट्या फ्रेमवर, लावावे लागते. तसे केल्यावर पट्ट्या गेल्या.

तिरक्या रेघांचे दुखणे वेगळे आहे. ट्रॅकरचा (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा) अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी नीट जुळलेला नसला, की दर फ्रेमला आकाश सेन्सरवर एकाच दिशेने किंचित सरकते. तारे एकावर एक बसवले, की तारे स्थिर राहतात आणि सेन्सरचे डाग फ्रेमगणिक सरकत, जणू चालत, जातात व त्यांची रेघ उमटते. या प्रकाराला वॉकिंग नॉइज म्हणतात. डार्क्स, कॉस्मेटिक करेक्शन (सदोष पिक्सेल दुरुस्त करणारे साधन) आणि विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार दूरच्या किमती बाजूला सारणारे गणित) यांनी ठळक ठिपके कापले गेले, पण मंद डाग सरासरीच्या इतके जवळ असतात, की त्यांना वेगळे काढणे या गणिताच्या आवाक्याबाहेरचे आहे. कापण्याची मर्यादा आणखी कडक केली, तर चांगली माहितीही कापली जाते.

पुढच्या खेपेस दर पाच फोटोंनंतर कॅमेऱ्याची दिशा हाताने जराशी बदलली, कधी डावीकडे तर कधी वर, म्हणजेच डिदरिंग केले. सिरिलची सेटिंग्ज तीच ठेवली आणि रेघा उमटल्याच नाहीत. त्यामुळे हे सॉफ्टवेअर मी निःसंकोच सुचवेन, पण डिदरिंग टाळून त्याच्या भरवशावर राहू नये. जुनी ९० छायाचित्रे नव्या ६० छायाचित्रांत मिसळूनही पाहिली; रेघा फिकटल्या, तरी उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या अजून ओळखू येतात.