चाबूक न उचलता घोडी शिकवली: पावसाळा ते पावसाळा, आमचा अनुभव

ज्यांच्या दारात घोडं आहे, किंवा जे यंदा अकलूज-सारंगखेड्याच्या बाजारात घोडं बघायला जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. मागच्या पावसाळ्यात घरी एक मारवाडी वळणाची घोडी आली. अंगानं बांधेसूद, चाल देखणी. पण कानाकडे हात गेला की मान वर फेकायची, नालबंद अंगणात दिसला की दावं तोडायला बघायची, आणि समोरून ट्रॅक्टर आला की डांबरी सोडून थेट रानात शिरायची. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "जरा तापट हाय. चांगला चाबुकस्वार लावा, महिन्यात सरळ येईल."

तसं करायचं नाही हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं, कारण तिच्या तोंडात काय होऊन गेलंय ते दिसत होतं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने व्रण, जिभेवर एक खाच. काटेरी लगामाच्या खुणा त्या. जुंपणीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामावर सरळ बंदी आहे. तरी ते मिळतात आणि वापरले जातात. ज्या तोंडानं हे सोसलंय त्याला आणखी एक चाबुकस्वार काय शिकवणार होता?

म्हणून आम्ही सौम्य पद्धत धरली. घोड्याची बाजू समजून घेत, त्याला विचार करायला वेळ देत शिकवायची. आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय, मधे उसाचा अख्खा हंगाम गेला. तेव्हा काय पदरात पडलं ते सांगता येईल.

सुरुवात शिकवण्यापासून केलीच नाही, दुखण्यापासून केली. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात. त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धार येते, ती गाल आणि जीभ कापते. आमच्या घोडीच्या दाढा पशुवैद्यांकडून घासून घेतल्या आणि मान फेकणं निम्म्यानं तिथंच कमी झालं. तेव्हा एकही धडा दिलेला नव्हता! शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे इकडच्या माणसाला तज्ज्ञाचं मत घ्यायला फार लांब जावं लागत नाही. दुसरं खोगीर. जुनं खोगीर मधोमध कण्यावर टेकत होतं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की ती चावायला यायची. ते बदललं. माझं ठाम मत आहे की नाठाळ म्हणून मार खाणाऱ्या घोड्यांतली बरीचशी नुसती दुखतंय म्हणून नाठाळ असतात. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मागे ताठ वळलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यांवर उठलेला ताण, जबड्याचे टरारलेले स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड आणि पुढं आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. या सहा गोष्टी बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. खरारा करताना रोज बघाव्यात.

पद्धतीचा गाभा छोटा आहे. दोरीला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. घोडीनं त्या दिशेला नुसतं वजन टाकलं तरी त्याच क्षणी दोरी सैल. घोड्याला उत्तर कळतं ते दोरी सैल पडते तेव्हा. ताण तसाच राहिला तर तिनं बरोबर केलं काय आणि चुकीचं केलं काय, तिच्या लेखी सारखंच, मग ती ताणाकडे लक्ष देणं सोडून देते. आपण त्याला 'तोंडाचा कडक' म्हणतो आणि आणखी कडक लगाम आणतो. हा विचार नाजूक शौकीन लोकांतून आलेला नाही. अमेरिकेत तो रुजवणारे टॉम डोरन्स आणि रे हंट गुरं वळणारी, रानातली कामाची माणसं होती.

नालबंदाचं उदाहरण देतो, कारण तिथं वेळेचं महत्त्व सर्वांत स्पष्ट कळलं. घोडीनं पाय हिसकला आणि आपण सोडला, तर हिसकलं की सुटका होते एवढंच ती शिकते. आवळून धरला, तर पायानं धावणाऱ्या जनावराचा पायच अडकवला, ती घाबरते. म्हणून आधी हात नुसता खांद्यापासून खाली सरकवत न्यायचा, जिथं ती ताठ होते तिथं थांबायचं, स्नायू ढिला पडला की हात काढायचा. मग पाय क्षणभर उचलायचा आणि तिनं हिसकायच्या आधीच आपण खाली ठेवायचा. आमच्या नालबंदांनी हे सगळं शांतपणे बघितलं आणि पहिल्या वेळी एकही नाल न मारता नुसते चारी खूर हातात घेऊन गेले. त्या माणसाचे उपकार मोठे आहेत. आता ती सैल दोरीवर उभी राहून नाल मारून घेते, पिछाडी, म्हणजे मागचे पाय बांधायची दोरी, लावावी लागत नाही.

ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त वेळ गेला. गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग असते, वर गाणी लावलेली, बाहेर लोंबणारा ऊस फांद्यांवर घासत जातो. आधी बंद ट्रॅक्टर आमच्याच वावरात उभा केला. किती अंतरावर तिचे कान टवकारतात पण पाय जागेवर राहतात, ते शोधलं. त्या रेषेपर्यंत जायचं, ती श्वास सोडेपर्यंत थांबायचं आणि तिनं पळायचं ठरवण्याआधी आपणच मागं वळायचं. माघारी फिरणं इथं फार मोलाचं आहे. परत जाता येतं हे कळलेलं जनावर पुढं यायला धजतं. मग इंजिन चालू. आणि मग ज्या युक्तीनं खरा फरक पडला ती: शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर हळू पुढं न्यायचा आणि आम्ही मागून चालायचं. घोडं हे पळून जीव वाचवणारं जनावर. अंगावर येणाऱ्या वस्तूची त्याला भीती, दूर जाणाऱ्याचं कुतूहल. काही दिवसांत ती ट्रॉलीतलं वाढं ओढून खायला लागली. समोरून येणारा ट्रॅक्टर त्यानंतर शिकवला, आणि मागून येणारा अगदी शेवटी. घोड्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून भोवतालचं जवळजवळ सगळं, साधारण ३५० अंशांपर्यंत दिसतं, पण शेपटीच्या थेट मागं आणि कपाळाच्या थेट पुढं आंधळी जागा असते. मागून आवाज येतोय आणि दिसत काही नाही, हे त्याला सर्वांत वाईट. त्यासाठी तिला थोडं तिरकं उभं करायचं, एका डोळ्यानं वाहन दिसू द्यायचं. डावी बाजू जमली म्हणून उजवी आपोआप जमत नाही, दोन्हीकडून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

प्रगती पायांवरून मोजू नका, हे इथं आवर्जून सांगतो. उभं राहिलेलं घोडं शांत असेलच असं नाही. मार खाऊन थिजलेलंही उभंच राहतं, आणि असं घोडं एखाद दिवशी कसलीही सूचना न देता उधळतं. मी जबड्याखालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजतो. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ट्रॅक्टर गेल्यावर ते किती लवकर खाली येतात, यावरून दुसऱ्या दिवशी पुढं जायचं की तिथंच थांबायचं ते ठरवतो. आता ती थांबते, कान वळवते, फुर्र करून श्वास सोडते आणि वाहनाला जाऊ देते. घाबरली तर तसं आधी सांगते. पाठीवर बसणाऱ्याला याहून मोठी सुरक्षितता कुठली? ज्यांना हे अशक्य वाटतं त्यांनी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आठवावं. एवढा जनसागर, टाळ-मृदंग, आणि माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना दिंड्यांच्या मधून दौडत जातो.

बक्षीस म्हणून गूळ-हरभरा हातानं देणं आम्ही थांबवलं, ती खिसे चावायला लागली होती. त्याऐवजी आयाळ संपते तिथला खांद्यांमधला उंचवटा खाजवायचा. घोडी एकमेकांना खाजवतात ती हीच जागा, आणि तिथं खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात हे फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ सालीच दाखवलं गेलंय. फुकटचं बक्षीस आहे, वापरा.

घरच्या माणसांनाही बदलावं लागलं. ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात घोड्यांना रागावलेल्या माणसाचा नुसता फोटो दाखवला, तरी त्यांचे ठोके वाढले होते. आमच्याकडे आता तबेल्यासमोर फोनवर भांडायला बंदी आहे. चुलते, म्हणजे अण्णा, सुरुवातीला नाराज होते. "घोड्याला एवढं इचारत बसलं तर घोडं आपल्याला हुकूम सोडंल," म्हणायचे. सौम्य म्हणजे लाड, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात अंगावर चालून आली तर तिला ठामपणे मागं सरकवावंच लागतं. फक्त ते रागानं करायचं नाही आणि ती सरकली की विषय संपवायचा.

पद्धतीतल्या न पटलेल्या गोष्टीही सांगतो. मॉन्टी रॉबर्ट्स यांनी गाजवलेली 'जॉइन-अप' पद्धत, म्हणजे गोल कुंपणात घोड्याला पळवत राहायचं आणि ते वळून आपल्याकडे आलं की दाब काढायचा, आम्ही घेतली नाही. बंद जागेत पळून दमलेलं घोडं आपल्याकडे येतं त्याला विश्वास म्हणावं असं मला वाटत नाही. मोरखी म्हणजे लगामाशिवाय घोड्याच्या डोक्यावर चढवायचा साज. बारीक दोरीच्या गाठी मारलेल्या मोरख्याही 'सौम्य' म्हणून विकल्या जातात. त्या नाकावर चांगल्याच रुततात आणि ओढ बसली तरी तुटत नाहीत, त्यांत घोडं बांधून ठेवू नये. आम्ही रुंद सुती पट्टीची मोरखी करून घेतली. आणि वेळ. रोज पंधरा-वीस मिनिटं, न चुकता, त्याच माणसांनी. ज्याला हे देणं शक्य नाही त्यानं ही पद्धत अर्धवट करू नये, आज दोरी सैल आणि उद्या हिसका याचा घोड्याला जास्त त्रास होतो.

पाचगणीच्या टेबललँडवर मुद्दाम जाऊन घोडेवाल्यांशी बोललो. एकजण म्हणाले, "दादा, तुमच्या घोडीवर एक माणूस बसतो. आमच्यावर दर फेरीला नवा. एक लगाम ओढतो, दुसरा टाच मारतो. घोड्यानं ऐकायचं कुणाचं?" अडचण अगदी खरी आहे. त्यांचा उपाय मला फार आवडला: पर्यटकाच्या हातात लगाम द्यायचाच नाही, मोरखीची दोरी धरून स्वतः चालायचं, आणि दोन फेऱ्यांच्या मधे तंग सैल करायचा. पोटासाठी घोडं चालवणाऱ्यालाही एवढं परवडतं.

फटाके मात्र अजून जमलेले नाहीत. लांब वाजले तरी ती थरथरते. त्यामुळे वरातीच्या सुपाऱ्या मी नाकारतो. चारी बाजूंनी माणसं, माघारी वळायला वाट नाही आणि पायाजवळ माळ लागते, तिथं घाबरल्याचं सांगून तिला काही उपयोग नाही. अण्णांना हे पटत नाही, सुपारीचे पैसे चांगले असतात आणि चंदीचा खर्च रोजचा आहे. त्यांचं म्हणणं मी खोटं धरत नाही. दिवाळीच्या बरंच आधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून काम सुरू करणार आहे. कोणी हे केलं असेल तर एवढं जरूर सांगा: आवाज चंदी खाताना लावला की हातात धरून फिरवताना, आणि तो वाढवायची वेळ आली हे कशावरून ओळखलं?