घरात तीन सर्व्हर, राउटर एकच: पोर्ट उघडायचे तरी किती?

फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन आणि दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट. तिन्ही बाहेरून वापरायचे, पण घराचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकच, आणि त्यावरचा ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबसाइटसाठीचा क्रमांकित दरवाजा) राउटर आतल्या एकाच मशीनकडे वळवू शकतो.

काहीही ठरवण्याआधी राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे) आणि पोर्ट वळवायचे कितीही रूल लिहिलेत तरी बाहेरून काही आत येणार नाही. मी दोन संध्याकाळी रूल पुन्हा पुन्हा तपासले होते. चूक रूलमध्ये नव्हतीच. अशा वेळी इंटरनेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा (आपल्याच उपकरणांमधला खासगी, कुलूपबंद रस्ता) वापरा. त्याला पोर्ट उघडावाच लागत नाही.

पब्लिक आयपी असेल तर सर्वांत सोपं म्हणजे प्रत्येक सर्व्हरला वेगळा पोर्ट: ८०९६ जेलीफिनला, ८१२३ होम असिस्टंटला, २२८३ इमिचला. दहा मिनिटांत होतं, पण मला हे पटत नाही. या पोर्टांवर सहसा साधं, कूटबद्ध नसलेलं एचटीटीपी चालतं, म्हणजे पासवर्ड उघड्यावर जातो. शिवाय तीन प्रोग्रॅमांचे लॉगिन थेट जगासमोर येतात. माइनक्राफ्टच्या २५५६५ सारख्या गेम सर्व्हरला मात्र हाच मार्ग योग्य.

दुसरा मार्ग रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सगळ्या सर्व्हरांच्या पुढे उभा राहणारा एक प्रोग्रॅम. त्यात फक्त ८० आणि ४४३ उघडायचे आणि दोन्ही एकाच मशीनवर पाठवायचे. ब्राउझरने कोणतं डोमेन नाव मागितलं ते पाहून प्रॉक्सी त्याला योग्य सर्व्हरकडे नेते. कॅडी हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर वापरलंत तर नाव आणि आतला पत्ता एवढंच लिहायचं. कनेक्शन सुरक्षित करणारं सर्टिफिकेट ते स्वतः आणतं आणि वेळेवर नवं करतं. गावी आई-बाबांच्या टीव्हीवर जेलीफिन दाखवायचं असेल तर हेच घ्या, कारण त्या टीव्हीवर व्हीपीएन सांभाळायला कोणी नसतं.

स्वतःपुरता वापर असेल तर मी वायरगार्ड हे व्हीपीएनच निवडेन. यूडीपीचा (डेटा पाठवायची एक पद्धत) एकच पोर्ट, बहुधा ५१८२०. ओळखीची डिजिटल किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपणाऱ्यांना तिथे काही आहे हेही कळत नाही. होम असिस्टंट मी याच्याच मागे ठेवला आहे. घराच्या दिव्यांचं लॉगिन पान जगाला दिसायचं कारण नाही. प्रॉक्सी आणि वायरगार्ड शेजारी शेजारी व्यवस्थित चालतात.

कोणताही मार्ग घ्या, सर्व्हरचा आतला आयपी डीएचसीपी रिझर्व्हेशनने (राउटरने त्या मशीनला कायम तोच पत्ता द्यावा, अशी सेटिंग) पक्का करा, नाहीतर वीज गेल्यानंतर रूल भलत्याच मशीनकडे बोट दाखवतो. आणि तपासताना घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा. कित्येक राउटर आतून स्वतःच्याच पब्लिक आयपीवर जाऊ देत नाहीत.