धंतोलीतली जुनी इमारत की मनीषनगरातली नवी?

सहा ब्लॉकची (म्हणजे फ्लॅटची) अख्खी इमारत घ्यायची, एकात आपण राहायचं आणि पाचांच्या भाड्यावर निवृत्तीनंतरचा संसार चालवायचा, हा विचार नागपुरात अनेकांच्या मनात असतो. समोर बहुधा दोन सौदे येतात : धंतोलीतली चाळीसेक वर्षांची तीनमजली इमारत, नाहीतर मनीषनगर-बेसा पट्ट्यातली दहा-बारा वर्षांची. माझा कौल आधीच सांगतो. दर महिन्याच्या भाड्यावर घर चालणार असेल तर मनीषनगर घ्या. ज्याला दहा वर्षं त्या पैशाला हात लावायचा नाही, त्यानेच धंतोलीकडे वळावं.

धंतोलीचा मोह मला समजतो. बर्डीची (सीताबर्डी) बाजारपेठ आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. एकेकाळची शांत राहती वस्ती आता हॉस्पिटल, पॅथॉलॉजी आणि औषधांच्या दुकानांनी भरली आहे. त्यामुळे विकणारा तळमजल्याचं भाडं क्लिनिकच्या हिशेबाने लावून किंमत सांगतो. मंजूर नकाशात तो तळमजला निवासी असेल, तर वापर बदलायला परवानगी हवी आणि तिथे पार्किंगचा प्रश्न आडवा येतो. परवानगी हाती नसताना क्लिनिकच्या भाड्याची किंमत मोजू नका.

खरी मेख जुन्या भाडेकरूंची. इमारत विकली म्हणून भाडेकरू उठत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला संरक्षण देतो आणि भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवू देतो. सहापैकी दोन ब्लॉकांत असे भाडेकरू असले तर ती इमारत हिशेबात चारच ब्लॉकची. पाडून नवी बांधू म्हणाल, तर त्यांनाही जागा द्यावी लागणार, आणि समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वाढीव एफएसआयची, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीची, आशा सोडा. प्रत्येक भाडेकरूशी स्वतः बोला, पावत्या पाहा. विकणाऱ्याच्या ‘ते निघतील’ या शब्दावर आयुष्यभराची पुंजी लावायची नसते.

आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते, वाचा. जमीन नझुलाची (सरकारी) किंवा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजवरची असेल, तर नूतनीकरण आणि हस्तांतरणाचा खर्च कोणाकडे, हे इसार देण्याआधी लेखी ठरवा. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच; इंजिनिअर मात्र आपला न्या.

मनीषनगरात भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही. वर्धा रोडवर २०१९ पासून मेट्रो धावते, पुढे मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पात कंपन्या आणि एम्स आहेत. करार अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे. ते नोंदवलेले असले की माणूस वेळेवर जागा सोडतो. इथली जोखीम कागदांत आहे. या बाजूचे कित्येक ले-आऊट मंजुरीआधीच विकले गेले आणि नंतर गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले, म्हणून प्लॉट नियमित झाल्याचं आरएल पत्र मागा. मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा. वर चढवलेला एक बेकायदा मजला सगळ्या इमारतीला अडकवतो. जागा महापालिकेच्या हद्दीत की बेशाच्या बाजूला, यावरही पाण्याचं बरंच काही ठरतं. पाहणी मे महिन्यात करा : बोअरला पाणी किती, टँकर येतो का, वरच्या मजल्याचा स्लॅब किती तापतो. नागपूरच्या उन्हाळ्यात भाडेकरू याच तीन गोष्टींवर ब्लॉक सोडतो.

आकडा मांडून पाहा. समजा किंमत ३ कोटी आणि सहाही ब्लॉकांचं भाडं प्रत्येकी महिन्याला १५ हजार धरलं, तर वर्षाचे १० लाख ८० हजार, म्हणजे ३.६ टक्के. त्यातला एक ब्लॉक तुमचा. उरले ९ लाख, ३ टक्के. घरपट्टी, रंगरंगोटी, मोटर आणि रिकामे महिने यातूनच जायचे. कर्ज काढून घेतलेली इमारत एवढ्या भाड्यात हप्ता फेडत नाही, मग ती धंतोलीतली असो की मनीषनगरातली. म्हणून मागितलेल्या किमतीवर घासाघीस करताना विकणाऱ्यापुढे हाच कागद ठेवा, आणि धंतोलीच्या सौद्यात क्लिनिकचं भाडं वजा करून नवा आकडा सांगा.