सुटे कागद नाहीत, अख्खे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत! भीमथडीच्या जुन्या कागदपत्रांचा खाजगी संग्रह

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका काकांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आहे, बोर्ड वगैरे काही नाही, फी नाही, आधी फोन करून जायचं. सगळं इंग्रजी अमदानीतलं, म्हणजे गहाणखतं, कर्जरोखे, सावकाराच्या वह्या, वतनाची भांडणं, मोजणीचे नकाशे, १८७६-७८ च्या दुष्काळातली काही पत्रं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की काकांनी रुमाल फोडलेले नाहीत, ज्या घरातून गठ्ठा आला तो त्याच क्रमाने बांधून ठेवलाय. नाहीतर जुन्या बाजारात बघा, स्टॅम्पपेपरवरचं राणीचं डोकं तेवढं कापून विकतात आणि खालचा मजकूर जातो रद्दीत. इथे एकाच कुणब्याच्या घरचं कर्ज बापाकडून पोराकडे कसं आलं, थकलेलं व्याज मुद्दलात घालून परत नवा रोखा कसा लिहून घेतला, सगळं ओळीने हाताला लागतं. एका रोख्याच्या तळाशी शेतकऱ्याच्या सहीऐवजी ‘निशाणी नांगर’ आहे, बोरूच्या चार फराट्यांत काढलेला चिमुकला नांगर, आणि शेजारी साक्षीदाराचं ऐटबाज ‘दस्तुर खुद्द’, म्हणजे स्वतःच्या हातची सही. मी तिथेच अडकलो बराच वेळ. १२ मे १८७५ ला बारामतीजवळच्या सुप्यात सावकारांविरुद्ध भडका उडाला आणि मग गावोगाव लोकांनी सावकारांकडून वह्या न् रोखे मागून घेऊन जाळले, ते का, हे असे दोन-तीन कागद वाचले की वेगळं सांगावं लागत नाही. पुण्याच्या पुरालेखागारात सरकारी बाजू भरपूर मिळते, पण घरातलं हे असं सलग क्वचितच. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी केलेल्या १८७९ च्या कायद्यानंतर शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हायला लागला, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा रोखा शेजारी ठेवून बघाच, काका काढून देतात.

आता वैताग. फाटलेल्या कागदांना सेलोटेप लावलीय!! पिवळी पडलीय, काही ठिकाणी अक्षरं सोबत घेऊन उचकटतेय, बघून पोटात गोळा येतो. हलक्या हाताने सांगून बघितलं, काका हसले फक्त. एक स्टार त्याचाच कापला. यादी पण नाही, म्हणजे आहे, पण काकांच्या डोक्यात, त्यामुळे ‘इंदापूरची फेरमोजणी’ असं मोघम मागून काही होत नाही, गाव आणि घराणं सांगावं लागतं. चिठ्ठ्यांवर साल कधी फसली (जुनं महसुली साल) कधी इंग्रजी, १२८५ दिसलं तर दचकू नका, ५९० मिळवा, १८७५-७६ येतं.

मोडी येत नसेल तर वाचणारा कुणीतरी सोबत न्या, काका वाचून दाखवतात पण मग गप्पाच जास्त होतात. मोबाईलने फोटो चालतात, फ्लॅश नाही, झेरॉक्सला कागद बाहेर देत नाहीत आणि त्यावर वाद घालू नका, माझ्यासमोर एकाने घातला आणि काकांनी रुमाल बांधून कपाटात ठेवून दिला.