बारावीनंतर ट्रान्सफॉर्मर की विमान?

परवा भाचा घरी आला. बारावी सायन्स झालेला आणि डोक्यात फक्त विमान. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात सध्या दर दुसऱ्या घरी हीच चर्चा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये टाटा-एअरबसचा सी-295 या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना इथे सुरू झाला. हवाई दलाच्या 56 पैकी 40 विमानं इथे तयार होणार. लालबागच्या गतिशक्ती विश्वविद्यालयानेही 2023 मध्ये एअरबसशी करार केलाय. मुलांना तिकडे जावंसं वाटणारच. मी विमान आणि वीज या दोन्ही वाटा थोड्या थोड्या चाललोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

2014 साली मी एएमईला, म्हणजे विमान देखभालीच्या कोर्सला, बाहेरगावी प्रवेश घेतला. दीड वर्षाने परत आलो, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि आज ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहे.

अभ्यासापुरतं बोलायचं तर एएमईचा मला जास्त आवडला. प्रत्येक मॉड्यूलला 75 टक्के लागतात, त्यामुळे वरवर वाचून भागत नाही. थकलेला माणूस एखादा नट लावायचा कसा विसरतो, हे तिथे ह्यूमन फॅक्टर्स म्हणून अख्खा विषय करून शिकवतात. ती शिस्त अजून अंगात आहे. हत्यारं मोजल्याशिवाय मी आजही ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचं झाकण लावू देत नाही.

अडलं ते लॉगबुकपाशी. लायसन्स नुसत्या परीक्षेवर मिळत नाही. मान्यताप्राप्त कोर्स केला तरी चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव, कामांच्या नोंदी आणि सह्यांसकट, दाखवावा लागतो. आमच्या संस्थेच्या आवारात एक जुनं छोटं विमान उभं होतं. प्रत्येक बॅच त्याचंच पॅनेल उघडायची आणि परत लावायची. स्क्रूची डोकी इतकी झिजली होती की पेचकस धरायचा नाही. ते विमान उडत नव्हतं, त्यामुळे त्यावरचं काम अनुभवात धरलं जाणार नव्हतं. खऱ्या हँगरमध्ये दिवाळीनंतर पाठवू म्हणाले, मग होळीनंतर, मग पावसाळा संपल्यावर. फी भरलेली, पेपर निघालेले आणि लॉगबुक कोरं. रोज सकाळी ती वही दप्तरात टाकताना जीव नकोसा व्हायचा.

त्याच वर्षी माझा चुलतभाऊ कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकल करत होता. सुट्टीत मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेनिंगला जायचा, संध्याकाळी हाताला तेलाचा वास घेऊन परतायचा. मी घरी आलो होतो तेव्हा जेवताना तो सांगत होता, की ट्रान्सफॉर्मरच्या तेलात 2.5 मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवून व्होल्टेज वाढवत नेतात आणि किती केव्हीला (किलोव्होल्टला) तेल फुटतं, म्हणजे त्यातून ठिणगी पार होते, ते बघतात. आजचं रीडिंग त्याने स्वतः घेतलं होतं. माझा घास हातातच राहिला. दीड वर्षात मी स्वतः घेतलेली एकही नोंद नव्हती.

बडोद्यात विजेच्या बाबतीत हे सोपं पडतं, कारण सगळं हाकेच्या अंतरावर आहे. एर्डा या संस्थेची विजेच्या उपकरणांची टेस्टिंग लॅब मकरपुऱ्यात, गेटको आणि ऊर्जा विकास निगम या गुजरातच्या सरकारी वीज कंपन्यांची मुख्य कचेरी रेसकोर्सला, ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअरवाले मानेजा-सावलीकडे. आपल्याकडे कॉलेज आणि कारखाना यांचं नातं तसं जुनंच. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, आणि त्याच कलाभवनाच्या गज्जर सरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत 1907 मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली.

आता एक गल्लत मला फार दिसते. सी-295 चा कारखाना विमान बांधतो. एएमईचं लायसन्स हे विमानाची देखभाल करून ते उडायला योग्य आहे अशी सही करण्यासाठी असतं. बांधणीच्या कामाला फिटर लागतात, मेकॅनिकलवाले लागतात, वायरिंगसाठी इलेक्ट्रिकलवालेही लागतात. म्हणजे विमानाच्या कारखान्यात जायचं म्हणून एएमईच करायला हवं असं नाही. उलट ते लायसन्स वापरात ठेवायचं तर दर दोन वर्षांत सहा महिने देखभालीचं काम हातून झालेलं असावं लागतं. मध्येच घरच्या अडचणीने थांबलात तर ते लायसन्स असूनही वापरता येत नाही. गतिशक्तीची एव्हिएशनची पदवी ही आणखी तिसरी गोष्ट, तिथे जेईईने नंबर लागत असेल तर माझं बोलणं बाजूला ठेवा.

माझा अनुभव एका संस्थेचा आणि दहा वर्षांपूर्वीचा आहे. एखाद्या संस्थेचं हँगरशी पक्कं जमलेलं असेल, तर एएमई करून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त कमवाल हेही खरं. तरी आज पुन्हा निवडायचं झालं तर मी इलेक्ट्रिकलचाच फॉर्म भरेन.

भाचा म्हणाला, ''मामा, तुला विमानाचा राग आहे का?''

''राग कसला रे. अजून आवाज आला की गच्चीवर जातो.''

रविवारी आम्ही एक संस्था बघायला चाललोय. माहितीपत्रक नको, शेवटच्या वर्षातल्या एखाद्या मुलाचं लॉगबुक दाखवा, असं विचारायचं त्याने ठरवलंय. त्यातल्या सह्यांच्या तारखा मी बघणार आहे.